तयार अंगरखा की शिंप्याकडचा?

माणसाची ओळख पटविण्याचे काम पूर्वी गावचा पाटील करी. हल्ली यंत्र करते. २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी पहिले आधार क्रमांक दिले गेले. आता आमच्या कॉलेजच्या पतपेढीलाही सभासदांची ओळख संगणकावरूनच पटवून घ्यायची आहे.

वाटा दोन. 'नो-कोड' म्हणजे तयार अंगरखा. कंपनीचा दुवा सभासदाला धाडायचा. तो कागद दाखवितो, फोटो देतो, आणि निकाल येतो. प्रोग्रॅम लिहिणारा नको की काही नको! 'लो-कोड'मध्ये कापड बेतलेले मिळते, पण चार टाके आपणच घालायचे, आणि उसवले तर आपणच शिवायचे.

कार्यकारिणी पहिलीवर खूश. मला मात्र आपल्या बायकांची नावे आठवली. लग्नानंतर मधले नाव बदलते, आडनाव बदलते, कधी सबंध नावच! बँकेच्या पुस्तकावर माहेरचे, आधारवर सासरचे. आम्हांला दाखविलेला तयार दुवा अशा वेळी 'ओळख पटली नाही' म्हणून मोकळा होतो. मग वारलेल्या शिपायाच्या बायकोने ठेवीसाठी किती खेपा घालाव्यात?

लो-कोडमध्ये एवढेच लिहून घेता येते: नाव जुळले नाही तर अर्ज न फेटाळता चिटणिसांकडे जावा, आणि त्यांनी विवाहनोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातील नावबदल पाहावा.

नवे सभासद खुशाल तयार दुव्याने घ्या. वारसांच्या ठेवींपुरते तरी ते चार टाके हवेत. संगणक विभागातील मुले घालायला तयार आहेत. चहाचा खर्च माझ्याकडे.