स्कियामाकी : कक्षाक्रमांकानुसार नियोजित मापनांचा शोध

स्कियामाकी हा युरोपीय अंतराळ संस्थेच्या एन्व्हिसॅट उपग्रहावरील वातावरण-अभ्यासाचा वर्णपटमापक होता. या नावाशी जुळणाऱ्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'सावलीशी झुंज' असा होतो. जर्मनी, नेदरलँड्स व बेल्जियम यांनी हे उपकरण पुरविले. उपग्रहाचे प्रक्षेपण १ मार्च २००२ रोजी झाले आणि ८ एप्रिल २०१२ रोजी त्याच्याशी संपर्क तुटला.

उपकरणाने केव्हा कोठे पाहावे हे कक्षेगणिक आधीच ठरविले जात असे. त्यामुळे नियोजनाच्या नोंदी शोधताना तारखेपेक्षा कक्षाक्रमांक अधिक भरवशाचा ठरतो. एका प्रदक्षिणेस सुमारे १०० मिनिटे लागत. म्हणजे दिवसाला १४ पूर्ण प्रदक्षिणा होऊन थोडा वेळ उरे आणि मध्यरात्रीची कक्षा दोन तारखांत विभागली जाई. प्रक्षेपणापासून चढत जाणारा क्रमांक मात्र एकमेव असतो.

कक्षेच्या नोंदीत प्रथम उत्तरेकडील सूर्योदयाचे मापन, नंतर दिवसाच्या बाजूस क्षितिजाकडील व थेट खालील मापने आलटूनपालटून दिसतात. क्षितिजाकडे पाहिलेलाच वातावरणाचा भाग सुमारे ७ मिनिटांनी उपग्रहाखाली येई. चंद्राची मापने महिन्यातील काही दिवसच असत.

नियोजित नोंद म्हणजे केलेले मापन नव्हे. उपकरण बंद पडल्यास किंवा शोधकांवरील बर्फ घालविण्यासाठी ते तापविले जात असल्यास नियोजनाप्रमाणे विदा मिळत नसे; म्हणून प्रत्यक्ष विदेशी पडताळणी आवश्यक ठरते. ऑक्टोबर २०१० मध्ये कक्षा खाली आणल्यावर पुनरावृत्तीचे चक्र ३५ दिवसांऐवजी ३० दिवसांचे झाले. त्यामुळे चक्रांतर्गत कक्षाक्रमांक सारखा असला तरी त्यापूर्वीचा व नंतरचा भूमार्ग एकच नसतो.