हळद आणि मोठ्या आतड्याचे अस्तर : प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी ऊतीची कसोटी

प्रस्तावना :
सातारा व सांगली हे कृष्णाकाठचे जिल्हे हळदीसाठी प्रसिद्ध आहेत. सांगलीची बाजारपेठ, हरिपूरची जमिनीखालील पेवे आणि २०१८ मध्ये ‘सांगली हळदी’ला मिळालेले भौगोलिक मानांकन सर्वपरिचित आहे. हळदीने पोट निरोगी राहते ही समजूतही या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. आता तीच समजूत कुरकुमीनच्या गोळ्यांच्या रूपाने औषधांच्या दुकानांत पोहोचली आहे. मोठ्या आतड्याच्या जिवंत अस्तरावर हळद नेमके काय करते, हे मानवी ऊतीवर कसे तपासता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

जखमा भरण्यासाठी हळदीचा वापर करण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले व १९९७ मध्ये ते रद्द झाले. तो वाद ‘प्रथम कोणास ठाऊक होते’ याचा होता. त्यासाठी जुने दस्तऐवज पुरेसे ठरले. ‘काय घडते व कसे घडते’ या प्रश्नाला मात्र दस्तऐवज उत्तर देत नाहीत.

रुग्णांवरील पुरावा :
सेवन केलेले कुरकुमीन रक्तात फारच अल्प शोषले जाते. त्याचा बराचसा भाग आतड्यातच राहतो. औषधाच्या दृष्टीने हा दोष खरा, परंतु मोठ्या आतड्याच्या विकारांत तोच गुण ठरू शकतो. जपानमध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या, रोग शांत असलेल्या ८९ रुग्णांवर झालेली चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीच्या औषधासोबत रोज २ ग्रॅम कुरकुमीन सहा महिने घेणाऱ्या ४३ जणांपैकी दोघांचा रोग उलटला, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्या ३९ जणांपैकी आठ जणांचा. आकडे आशादायक असले तरी रुग्णसंख्या लहान आहे. शिवाय हळदीत कुरकुमीन सुमारे तीन टक्के धरले, तर २ ग्रॅमसाठी साठ ग्रॅमहून अधिक हळद लागेल. भाजीतील चिमूटभर हळदीशी या मात्रेची तुलना होऊ शकत नाही, आणि या चाचणीत कोणाचेही मूळ औषध बंद केलेले नव्हते. हळदीच्या भरवशावर औषध सोडणाऱ्या रुग्णाने हे विशेष लक्षात घ्यावयास हवे.

ऊती कशी वाढते :
मोठ्या आतड्याच्या अस्तरात असंख्य सूक्ष्म खळगे असतात. प्रत्येक खळग्याच्या तळाशी मूलपेशी असतात आणि त्यांच्यामुळे अस्तरातील बहुतेक पेशी चार-पाच दिवसांत नव्या होतात. नेदरलँड्समधील हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने २००७ मध्ये या मूलपेशींची खूण ओळखली. तोशिरो सातो यांच्यासह त्याच गटाने २००९ मध्ये उंदराच्या आणि २०११ मध्ये मानवी मोठ्या आतड्याच्या पेशींपासून शरीराबाहेर ऊती वाढविली. कोलोनोस्कोपीत घेतलेल्या काही मिलिमीटरच्या तुकड्यातून खळगे सुटे करतात, ते प्रथिनयुक्त जेलमध्ये रोवतात आणि वाढीचे घटक असलेले पोषकद्रव्य देतात. काही दिवसांत पोकळ गोळे तयार होतात. त्यांना ऑर्गनॉइड म्हणतात. ते विभागून पुन्हा वाढविता येतात, द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवता येतात आणि त्यांत त्या रुग्णाचेच जनुक असतात. पूर्वी या कामी वापरल्या जाणाऱ्या काको-२ या पेशी मूळ कर्करोगाच्या होत्या. निरोगी अस्तराविषयी त्यांच्याकडून मिळणारे उत्तर म्हणूनच संशयास्पद राही.

हळदीची अडचण :
ऑर्गनॉइडची आतड्याच्या पोकळीकडील बाजू आत असते. पोषकद्रव्यात हळदीचा अर्क मिसळला, तर तो बाहेरून, म्हणजे रक्ताच्या बाजूने, पेशींना भिडतो. जेवणातील हळद मात्र पोकळीच्या बाजूने येते. म्हणून अतिसूक्ष्म सुईने गोळ्यात अर्क सोडावा लागतो, किंवा गोळे फोडून पेशी सच्छिद्र पडद्यावर सपाट पसराव्या लागतात. अशा थराचा विद्युत्‌रोध मोजून अस्तर किती घट्ट आहे, हे कळते.

दुसरी अडचण कुरकुमीनच्या रासायनिक स्वभावाची आहे. रक्ताइतक्या, किंचित अल्कधर्मी द्रावणात ते अर्ध्या तासाच्या आतच मोठ्या प्रमाणात विघटित होते. ते पिवळे व प्रकाशदीप्त असल्याने रंगावर आधारलेल्या चाचण्यांना चकवते. नियंत्रण प्रयोगांवाचून काढलेला ‘उत्तम परिणाम’ हा पुष्कळदा या रंगाचाच परिणाम असतो.

शिवाय साध्या ऑर्गनॉइडमध्ये रक्तवाहिन्या, मज्जातंतू, प्रतिकारपेशी व जिवाणू नसतात. कोलायटिसचा दाह दाखविण्यासाठी टीएनएफसारखी दाहकारक प्रथिने बाहेरून घालावी लागतात. जिवाणूंची उणीव भरता येते, हे २०२० मध्ये दिसले. कोलिबॅक्टिन विष तयार करणारे ई. कोलाय जिवाणू मानवी ऑर्गनॉइडमध्ये पाच महिने वारंवार सोडल्यावर डीएनएत उमटलेला विशिष्ट ठसा मोठ्या आतड्याच्या काही कर्करोगांतही आढळला.

स्थानिक संदर्भ :
भारतात नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्यांच्या नियमांत २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्राण्यांवरील प्रयोगांना पर्याय म्हणून ऑर्गनॉइडसारख्या पद्धतींना वाव दिला आहे. यासाठीचा कच्चा माल, म्हणजे कोलोनोस्कोपीतील ऊतीचा तुकडा, मिरज-कराडसारख्या वैद्यकीय केंद्रांत निदानासाठी घेतलाच जातो. मात्र निदानासाठी दिलेली संमती संशोधनाला पुरत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार साठविलेल्या नमुन्यांच्या भावी वापरासाठी रुग्णाची माहितीपूर्ण संमती आवश्यक आहे. हे संमतिपत्र मराठीत असावे आणि घेतलेल्या तुकड्यातील पेशी गोठवून वर्षानुवर्षे जिवंत राहू शकतात, हे त्यात रुग्णाला समजेल अशा शब्दांत लिहिलेले असावे.