गोरे इस्रायल, काळे इस्रायल

खालापूरचा माणूस मोठ्या बाजाराला निघाला की पनवेल गाठतो, नाहीतर पेण. दोन्हीकडे बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांचं, प्रार्थनामंदिर आहे. पनवेलचं 1849 चं, पेणचं 1863 चं. ते स्वतः त्याला मशीदच म्हणत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यात त्यांचं नाव शनिवार तेली. आडनावं पेणकर, रोहेकर, किहिमकर. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचा नवस फेडायचा तो मलिद्याने, म्हणजे भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि वर फळं.

याच समाजात गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता. त्याचा कातडीशी संबंध बेताचाच. ज्यांच्या घराण्यात बाहेरची बाई आली असं मानलं जाई, ते काळे. गोरे त्यांच्याशी सोयरीक करत नसत. ही रीत शेजारच्या आळ्यांतूनच उचललेली, आणखी कुठून येणार? पुढे मुंबईत बगदादी यहुदी आले. स्वतःची गणना युरोपियनांत व्हावी म्हणून त्यांची खटपट चालू होती, त्यामुळे त्यांनी सगळ्याच बेने इस्रायलींना लांब ठेवलं.

गोऱ्यांत गणलं जाण्याच्या या खटपटीत अमेरिकेतल्या इटालियनांची गत फार वेगळी नव्हती. 14 मार्च 1891 रोजी न्यू ऑर्लीन्सच्या तुरुंगात घुसून जमावाने 11 इटालियनांना ठार केलं आणि बड्या वृत्तपत्रांनी त्याचं समर्थन केलं. 1880 पासून निघणाऱ्या ‘इल प्रोग्रेसो’सारख्या इटालियन पत्रांना आपल्या माणसांची बाजू मांडावीच लागली. झुंडीने मारलेल्या कृष्णवर्णीयांबद्दल यांतली काही पत्रं आधी कळवळून लिहीत. नंतर मात्र ‘आम्ही गोरेच’ हा सूर चढत गेला. मार चुकवायचा तर मारणाऱ्याच्या रांगेत उभं राहायचं, हा व्यवहार मला समजतो, पटत नाही.

बेने इस्रायलींवर डावललं जाण्याची वेळ आली ती इस्रायलला स्थलांतर केल्यावर. रंगावरून वागणूक वेगळी मिळते म्हणून काहीजणांनी धरणं धरलं, 1952 मध्ये काही कुटुंबं मुंबईला परतलीही. 1962 मध्ये तिथल्या यहुदी धर्मपीठाने फर्मान काढलं: बेने इस्रायलीचं लग्न इतर यहुद्याशी लावण्याआधी आईकडच्या पिढ्या तपासा. घरी काळ्यांना लावलेली फूटपट्टी आता गोऱ्यांनाही लागली. उपोषणं, मोर्चे झाले. ऑगस्ट 1964 मध्ये संसदेने त्यांना सर्वार्थाने यहुदी म्हटलं, तेव्हा धर्मपीठाने फर्मानातून त्यांचं नाव काढलं.

त्याच देशात पुढे बेने इस्रायली नोहा मस्सिल यांनी ‘मायबोली’ हे त्रैमासिक चालवलं, मराठीत.