कर्करोगाच्या गोळीने थांबलेली अर्धशिशी

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो, किरणोपचार हे सगळे पार पडले की अनेक स्त्रियांच्या मागे पाच ते दहा वर्षांसाठी रोजची एक गोळी लागते. कुणाला टॅमॉक्सिफेन, तर कुणाला लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल. ज्या गाठी इस्ट्रोजेनवर पोसतात त्यांचे हे खाद्य तोडायचे, एवढेच या गोळीचे काम. गरम वाफा येतील, सांधे धरतील, झोप मोडेल, हे डॉक्टर आधीच सांगून ठेवतात. पण काही जणींच्या बाबतीत कुणीच न सांगितलेली एक गोष्ट घडते. तरुणपणापासून महिन्याच्या महिन्याला अंधाऱ्या खोलीत पडून राहायला लावणारी अर्धशिशी विरळ होते, कधी थांबतेच. योगायोग म्हणून सोडून द्यावा असा हा प्रकार नाही. अर्धशिशीबद्दल गेल्या पन्नास वर्षांत जे कळले आहे, त्यात तो बराचसा बसतो. तरीही रुग्णालयाच्या कागदावर त्याला जागा नाही, आणि ती असायला हवी असे माझे स्पष्ट मत आहे.

वयात येण्यापूर्वी मुलगे आणि मुली यांच्यात अर्धशिशीचे प्रमाण जवळपास सारखेच असते. पाळी सुरू झाली की चित्र पालटते आणि पुढे स्त्रियांमध्ये हा आजार पुरुषांच्या सुमारे तिप्पट दिसतो. असे का, याचा पहिला भक्कम धागा १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात ब्रायन सॉमरव्हिल यांच्या हाती लागला. पाळीच्या तोंडावर हमखास डोके उठणाऱ्या मोजक्या स्त्रियांना त्यांनी ऐन त्या दिवसांत इस्ट्रोजेनचे इंजेक्शन दिले. पाळी ठरल्या वेळी आली, अर्धशिशी मात्र काही दिवस पुढे गेली. प्रोजेस्टेरॉन देऊन पाहिले तेव्हा उलटे झाले. पाळी लांबली, पण बहुतेकींचे डोके नेहमीच्या वेळेलाच उठले. म्हणजे दुखण्याचा संबंध रक्तस्रावाशी नव्हता, तो इस्ट्रोजेन खाली येण्याशी होता. गरोदरपणात इस्ट्रोजेन चढत जाते, तेव्हा अनेकींना शेवटच्या सहा महिन्यांत आराम पडतो, आणि बाळंत झाल्यावर ते एकदम कोसळते तेव्हा दुखणे परतते. पाळी जाण्याच्या आधीची चार-पाच वर्षे, जेव्हा संप्रेरकांची पातळी वेडीवाकडी होते, ती तर अनेकींना सर्वांत वाईट जातात. पुढे पाळी पूर्ण गेली की बऱ्याच जणी सुटतात.

चेहऱ्याच्या व डोक्याच्या संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या पेशींवर इस्ट्रोजेनचे रिसेप्टर असतात. या तंतूंतून सीजीआरपी नावाचे प्रथिन बाहेर पडले की रक्तवाहिन्या रुंदावतात आणि वेदनेची साखळी सुरू होते. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील संशोधकांनी २०२३मध्ये दाखवले की अर्धशिशी असलेल्या स्त्रियांमध्ये पाळीच्या दिवसांत, म्हणजे इस्ट्रोजेन खाली असताना, हे प्रथिन जास्त असते. त्यांनी ते रक्तात मोजले आणि अश्रूंतही. आता कर्करोगाची औषधे पाहू. पाळी गेलेल्या स्त्रीमध्ये लेट्रोझोल उरलेसुरले इस्ट्रोजेन जवळपास पुसून टाकते. पाळी चालू असलेल्या तरुण स्त्रीला गोसेरेलिनसारखे इंजेक्शन देऊन अंडाशयांचे काम थांबवतात. दुसऱ्या उपायात महिन्याचा चढउतारही संपतो. टॅमॉक्सिफेनचे तसे नाही. ते इस्ट्रोजेन कमी करत नाही, रिसेप्टरवर ठाण मांडून बसते आणि शरीराच्या एका भागात अडवते, तर दुसरीकडे स्वतःच इस्ट्रोजेनसारखे वागते. तरीही पाळीच्या अर्धशिशीवर ते वापरून गुण आल्याचा छोटासा वृत्तान्त १९९०मध्येच ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात छापून आला होता.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप २००३च्या एका अमेरिकी प्रयोगातून येतो. व्हिन्सेंट मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्धशिशीच्या रुग्ण स्त्रियांची अंडाशये गोसेरेलिनने शांत केली, मग काहींना इस्ट्रोजेनची स्थिर मात्रा देणारा पॅच लावला आणि काहींना नुसताच दिखाऊ पॅच. पॅचमधून खरे इस्ट्रोजेन मिळालेल्यांना उतार पडला, इतरांना विशेष नाही. मग नुसते इस्ट्रोजेन तोडून आराम कसा पडेल? मला हा आक्षेप मूळ म्हणणे मोडणारा वाटत नाही, त्याला आकार देणारा वाटतो. महत्त्व कमी-जास्त असण्याला नाही, स्थिर असण्याला आहे. शिवाय तो प्रयोग काही महिन्यांचाच होता, आणि कर्करोगाच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालतात. शस्त्रक्रियेने अंडाशये एकाएकी काढली तर अर्धशिशी अनेकदा बळावते, हेही याच्याशी जुळते. पहिला धक्का त्रासाचा, आणि कमी पण सपाट पातळीवर शरीर स्थिरावले की मग कदाचित शांतता.

दुसरी शंका अधिक व्यवहारी आहे आणि ती मनापासून मान्य करावी लागते. श्रेय नेमके गोळीचेच कशावरून? कर्करोगाचे निदान होताच गर्भनिरोधक गोळ्या किंवा पाळी गेल्यावर घेतले जाणारे इस्ट्रोजेन बंद होते. केमोने पाळी थांबलेली असते. वय पुढे सरकलेले असते. गरम वाफांसाठी दिले जाणारे व्हेन्लाफॅक्सिन अर्धशिशी रोखण्यासाठीही वापरतात. शिवाय ज्यांना आराम पडला त्या कौतुकाने सांगतात, ज्यांचे डोके उलट जास्त दुखू लागले त्यांचे दुखणे दुष्परिणामांच्या यादीत जाते. टॅमॉक्सिफेनने डोके दुखू शकते हे खरेच आहे. पण हे धागे सुटे करायचे तर नोंदी हव्यात, आणि घोडे तिथेच अडते. औषधांच्या चाचण्यांत दुष्परिणाम मोजण्याचे ठरलेले तक्ते असतात. डोकेदुखी सुरू झाली की त्यात खूण होते, जुनी डोकेदुखी थांबली तर ती लिहायला रकाना नसतो.

म्हणून अर्धशिशीसाठी निरोगी स्त्रीने या गोळ्या घ्याव्यात का? मुळीच नाही. टॅमॉक्सिफेनने रक्ताच्या गुठळ्यांचा आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो, लेट्रोझोलच्या गटाने हाडे ठिसूळ होतात. डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे वाकड्यातिकड्या चमकत्या रेषा येणाऱ्या स्त्रियांना पक्षाघाताचा धोका मुळातच थोडा जास्त असतो, त्यांनी तर ही गोष्ट कर्करोगाच्या डॉक्टरांना आपण होऊन सांगायला हवी. अर्धशिशीसाठी आता सीजीआरपीलाच अडवणारी औषधे आली आहेत. या अनपेक्षित आरामाचा उपयोग वेगळा आहे. संप्रेरकांच्या चढउतारावर बेतलेला उपाय कोणाला लागू पडेल, हे त्यातून शोधता येईल.

भारतात हे शोधणे जास्त शक्य आहे. इथे स्तनाचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत साधारण दहा वर्षे आधी गाठतो, त्यामुळे पाळी चालू असतानाच या औषधांवर जाणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत, आणि अर्धशिशीही याच वयात जोरात असते. गोळी सुरू करण्यापूर्वी महिन्यातून किती दिवस डोके दुखत होते, उलटी व्हायची का, कोणती औषधे चालू होती, हे एका वहीत लिहून ठेवायला पैसे लागत नाहीत. त्रासाला कंटाळून मधेच गोळी सोडणाऱ्या स्त्रिया कमी नाहीत. हिशेबात एक लाभही आहे हे दिसले तर काही जणी टिकून राहतील. आणि या वहीचा आणखी एक, अधिक निकडीचा उपयोग आहे. स्तनाचा कर्करोग मेंदूत पसरू शकतो. वर्षभर शांत असलेले डोके पुन्हा दुखू लागले, दुखणे नेहमीपेक्षा वेगळे असले, पहाटे जास्त होत असले किंवा सोबत झापड, अशक्तपणा, नजरेत फरक असला, तर ‘जुनीच अर्धशिशी परतली’ म्हणून घरी थांबू नये. पूर्वीचे दुखणे कसे होते हे लिहिलेले असेल, तर स्कॅन लगेच करायचा की नाही हे डॉक्टरांना लवकर ठरवता येते.