वर्ध्याचा रक्तदाब

२६ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींचा रक्तदाब १९४/१३० होता. १९ फेब्रुवारी १९४० रोजी तो २२०/११० भरला. आज एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असा आकडा दिसला तर सिस्टर हातातलं काम टाकून डॉक्टरांना बोलावतील. आणि माणूस कसा? वजन ४६.७ किलो, उंची १६५ सेंटिमीटर. मांसाहार नाही, दारू-तंबाखू नाही, चालणं मैलोन्‌मैल. मिठाच्या सत्याग्रहासाठी दांडीपर्यंत चालत गेलेल्या या माणसानं दक्षिण आफ्रिकेत असताना स्वतः मीठ सोडलं होतं आणि ते व्रत दहा वर्षं पाळलं होतं. दवाखान्याच्या भिंतीवर 'हृदय जपा' म्हणून जी यादी लावलेली असते, तिच्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ त्यांच्या अंगवळणी पडलेली होती. तरी दाब चढायचा तो चढलाच. १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांची प्रकृती ढासळली, तेव्हाही डॉक्टरांनी बोट ठेवलं ते रक्तदाबावरच.

उपाय काय, तर विश्रांती, मौन, डोक्यावर आणि पोटावर मातीच्या पट्ट्या, लसूण. सर्पगंधेचाही उल्लेख सापडतो. निसर्गोपचाराच्या हट्टापायी बापूंनी औषध नाकारलं, असं कुणाला वाटेल; पण नाकारायला औषध होतं कुठे? मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला तो १९४९ साली. रोज घेता येईल अशी लघवी वाढवणारी गोळी १९५८ च्या सुमारास आली. १९४५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावानं गेले, तेव्हा जगातल्या सगळ्यात सामर्थ्यवान देशाचे डॉक्टरही आकडा वाढत जाताना नुसते पाहत होते.

वर्ध्यानं या दुखण्याची किंमत फार मोजली. जमनालाल बजाज ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यातच मेंदूतल्या रक्तस्रावानं गेले, वय ५२. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, गांधीजींबरोबर बंदिवासात असताना, त्यांचे सचिव महादेवभाई देसाई हृदयविकाराच्या झटक्यानं गेले, वय ५०. गांधीजी सेगावात (पुढचं सेवाग्राम) राहायला गेल्यावर महादेवभाई काही काळ मगनवाडीहून साडेपाच मैल चालत तिकडे जात आणि परत येत. उन्हाळ्यातसुद्धा, कधी कधी दिवसातून दोनदा. म्हणजे चालण्यात कसूर नव्हती. दीड वर्षानं, २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, कस्तुरबा त्याच बंदिवासात हृदयाच्या दुखण्यानं गेल्या. पुढे सेवाग्रामच्या रुग्णालयाला त्यांचं नाव मिळालं. आणि विनोबा. तेरा वर्षं देश पायी तुडवलेल्या या माणसाला नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकाराचा झटका आला. त्यांनी अन्न, पाणी, औषध सोडलं आणि १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीच्या अमावास्येला, देह ठेवला. वय ८७.

या चार-पाच नावांवरून 'चालून काय उपयोग, जायचं तेव्हा माणूस जातोच' असा निष्कर्ष पारावर सहज निघतो. तो चुकीचा आहे. महादेवभाई पन्नाशीत गेले आणि विनोबा सत्त्याऐंशीत, यावरून चालण्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. त्यासाठी हजारो माणसं वर्षानुवर्षं तपासावी लागतात. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून ते केलं गेलं, आणि तंबाखू, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा झटक्याशी असलेला संबंध तिथूनच पक्का होत गेला. गांधीजींच्या आकड्यावरून मात्र एक गोष्ट सिद्ध होते. रक्तदाब माणसाचं चारित्र्य पाहत नाही, अंगकाठीही पाहत नाही. तो मोजल्याशिवाय कळत नाही.

याच मुशीतलं अलीकडचं उदाहरण डॉ. अभय बंग यांचं. जन्म वर्ध्याचा, बालपण गांधी-विनोबांच्या सावलीत, शिक्षणाची सुरुवात सेवाग्रामच्या नयी तालीमची. गडचिरोलीत काम करत असताना १९९५ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, त्यांना हृदयविकाराचा झटका आला. 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे त्यांचं पुस्तक महाराष्ट्रभर वाचलं गेलं, आणि त्यानं कितीतरी मध्यमवर्गीय घरांतल्या तेलाची बरणी लहान केली. पण त्या पुस्तकाचं अर्धंच वाचन झालं, असं मला वाटतं. ध्यान, योग, बिनतेलाची भाजी एवढंच लोकांनी उचललं. लेखक स्वतः डॉक्टर आहे, तो आपले आकडे मोजतो, तपासण्या करून घेतो, हा भाग वाचकांनी सोयीनं बाजूला ठेवला. 'सवयी की गोळ्या' असं भांडण लावून देण्याची आपल्याला भारी हौस. भांडणात हृदयाचा काही फायदा नाही.

आता सवयींकडे. वर्धा जिल्ह्यात हृदयाचा पहिला शत्रू तूप नाही, खर्रा आहे. कातरलेली सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून पानठेल्यावर खसाखसा घोटतात आणि ती पुडी दिवसभर खिशात फिरते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली. खर्रा हातानं बनतो, त्यामुळे कारखान्याला कुलूप लावून तो थांबणार नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातल्या २६.६ टक्के प्रौढांमध्ये तंबाखूचं सेवन आढळलं, आणि त्यातला बहुतेक वाटा न जाळलेल्या तंबाखूचा. लोक तोंडाच्या कॅन्सरला भितात, ते बरोबरच. पण निकोटिन तोंडातून गेलं तरी नाडी वाढवतं आणि दाब चढवतं, हे पानठेल्यावर कुणी बोलत नाही. जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. ती किती पाळली जाते हे वर्धेकरांना सांगायला नको. पण गांधींच्या नावाखातर दारू बंद करणाऱ्या जिल्ह्यात खर्रा मात्र अगदी घरचा झाला, हे मला नेहमी चमत्कारिक वाटतं.

मग मीठ. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. आपण त्याच्या जवळपास दुप्पट खातो. भाजीतलं मीठ दिसतं. लोणचं, पापड, कुरड्या, ठेचा, फरसाण यांतलं दिसत नाही, आणि भाकरीशी ठेचा ही तर कष्टकऱ्याची भाजीच. तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. ठेच्यात मीठ निम्मं करा आणि जवसाची चटणी कमी मिठाची वाटा, एवढं घरात चालण्यासारखं आहे. जवस हे विदर्भाचं जुनं तेलबियांचं पीक. त्यात हृदयाला उपयोगी पडणारं ओमेगा-३ आहे. सोयाबीन आलं तशी ज्वारी वावरातून मागे हटली आणि ताटातूनही. भाकरीच्या जागी पोळी आली, घाणीच्या तेलाच्या जागी पिशवीतलं. वर्ध्याच्या गोरस भांडारचा गोड गोरसपाक दिवाळीत खा, खुशाल खा; घात करतो तो रोजच्या चहाबरोबरचा तळलेला नाश्ता.

आणि कष्ट. "दिवसभर वावरात राबतो, मले कायचा व्यायाम?" हा प्रश्न रास्त आहे. कापूस वेचणाऱ्या बाईला 'चालायला जा' म्हणणं उद्धटपणाच. पण शहरात राहायला आलेल्या, बाइकवर बँकेत जाणाऱ्या तिच्या मुलाला ते सांगायला हवं. दिवसाला अर्धा तास, थोडा दम लागेल पण बोलता येईल इतक्या वेगानं, आठवड्यातून पाच दिवस. यापलीकडची गणितं तरुणांनी जिममध्ये करावीत.

आता मोजण्याकडे वळतो, कारण या बाबतीत वर्धा देशाच्या पुढच्या रांगेत होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. पाच राज्यांतल्या पहिल्या पंचवीस-सव्वीस जिल्ह्यांत महाराष्ट्रातले चार होते: भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा. त्या वेळचं चित्र असं, की देशात चारातल्या एका प्रौढाला रक्तदाब आणि ज्यांना आहे त्यांच्यातल्या जेमतेम बारा टक्क्यांचा ताब्यात. उपक्रमाची कल्पना जवळजवळ कंटाळवाणी वाटावी इतकी साधी होती. प्रत्येक डॉक्टरनं आपल्या मर्जीची गोळी लिहायची नाही, पायऱ्या ठरलेल्या. सुरुवातीला साधारणपणे ॲम्लोडिपिन, महिन्यानं दाब १४०/९० च्या खाली आला नाही तर पुढची पायरी, टेल्मिसार्टन, मग क्लोरथॅलिडोन. औषधं मोजकी असली की साठा ठरवता येतो, आणि गावाजवळच्या केंद्रात गोळी संपत नाही. मोजमाप नर्सनं करायचं, नोंद कार्डावर किंवा मोबाइलवर, आणि तारखेला न आलेल्या माणसाला फोन. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण बीपीचा रोगी हरवतो तो फेरीगणिक. पुढे उपक्रम शेकडो जिल्ह्यांकडे सरकला. २०२२ मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांशी संबंधित पुरस्कार मिळाला. उपचार घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांचा दाब ताब्यात आल्याचं तेव्हा सरकारनं सांगितलं. निम्मे, म्हणजे अजून निम्मे उरलेच. आधीचे बारा टक्के सगळ्या रोग्यांपैकी होते आणि हे निम्मे उपचार घेणाऱ्यांपैकी, त्यामुळे थेट तुलना होत नाही; पण हेही कमी नाही.

मोजण्याचीही रीत आहे. येऊन लगेच दंड पुढे करू नका. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीला, हात हृदयाच्या उंचीवर. आधी अर्धा तास चहा नको, खर्रा नको, लघवी तुंबलेली नको. दंडावरचा पट्टा शर्टावरून नको. दोनदा मोजा. यातल्या प्रत्येक चुकीनं आकडा हलतो, आणि हललेल्या आकड्यावर आयुष्यभराची गोळी सुरू होते किंवा राहून जाते. तिशी ओलांडल्यावर वर्षातून एकदा दाब आणि साखर बघणं पुरे. घरात कुणाला झटका किंवा लकवा झाला असेल तर आधीपासून. "मले काही होत नाही, मग गोळी कायले खाऊ?" याचं उत्तर १९३७ च्या त्या आकड्यात आहे.

झटका आला तर वेळेचा हिशेब वेगळा. छातीत दाबल्यासारखं, भरून आल्यासारखं होतं, घाम सुटतो, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जाते. बायकांत आणि मधुमेह्यांत नुसताच दम किंवा मळमळ. घरात त्याला 'गॅस' म्हणतात, ओवा-सोडा दिला जातो आणि दोन तास जातात. त्या दोन तासांत हृदयाचा स्नायू मरत असतो. १०८ ला फोन, जवळच्या केंद्रात ईसीजी, आणि डॉक्टर सांगतील तसं ॲस्पिरिन चावून. गाठ विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या काही तासांत दिलं तर सर्वाधिक उपयोगी, बारा तासांनंतर त्याचा लाभ जवळजवळ संपतो. आष्टी किंवा कारंजा (घाडगे) वर्ध्यापासून साठ-सत्तर किलोमीटरांहून दूर. तिथल्या माणसाला सरळ अँजिओप्लास्टीपर्यंत पोचवण्यात वेळ घालवायचा की आधी इंजेक्शन देऊन मग पाठवायचं, हा प्रश्न जीवन-मरणाचा असतो. जिल्ह्यात सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे, सावंगी (मेघे) इथलं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. मोठी रुग्णालयं कमी नाहीत. कमी पडतो तो गावातला पहिला ईसीजी.

स्टेंटबद्दल थोडं. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्रानं किमतीवर मर्यादा घातली. औषधी लेपाचा स्टेंट २९,६०० रुपयांवर आला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेनं गरिबाला हे दार उघडं केलं. चालू झटक्यात स्टेंट जीव वाचवतो. पण झटका नसलेल्या, चालताना थोडं दुखणाऱ्या स्थिर रोगात, 'इस्केमिया' या मोठ्या चाचणीनं दाखवलं की चांगल्या औषधोपचाराच्या तुलनेत स्टेंट-बायपासनं मृत्यू कमी होत नाहीत. दुखणं कमी होतं. म्हणून शेजाऱ्यानं 'तीन स्टेंट टाकले' सांगितलं की लगेच दुसऱ्याला तोच सल्ला देऊ नका. आणि टाकला असेल तर गोळ्या बंद करू नका. स्टेंट नळी उघडतो, रोग राहतोच.

पैशाचा प्रश्न सेवाग्रामनं फार पूर्वी ओळखला होता. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या इथल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉ. उल्हास जाजूंनी गावोगावच्या कुटुंबांकडून हंगामाला ज्वारी घेऊन रुग्णालयाचा विमा चालवला. पैसा नसतो, ज्वारी असते, हे त्यामागचं गणित. आता ज्वारीच उरली नाही. पण कास्तकाराचं वर्ष हंगामावर चालतं, ते गणित कायम आहे. थंडीत दाब चढतो आणि झटकेही वाढतात, म्हणजे दिवाळीनंतरचे महिने सांभाळायचे. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ ओलांडतो तेव्हा लघवीची गोळी घेणाऱ्याला चक्कर येऊ शकते. स्वतःहून गोळी सोडण्यापेक्षा डॉक्टरांकडून मात्रा बदलून घ्यावी. आणि मृगाच्या पेरणीत दवाखान्याची तारीख चुकणारच. कोविडच्या टाळेबंदीत रक्तदाबाच्या त्या राष्ट्रीय उपक्रमात अनेक ठिकाणी जास्त दिवसांच्या गोळ्या एकदम दिल्या गेल्या, काही घरपोच पोचवल्या गेल्या. पेरणीच्या आणि वेचणीच्या हंगामासाठी तेवढी सोय कायमची ठेवायला आरोग्य केंद्राला काय अडचण आहे?