काचेवरील पांढरी रेघ

जऊळका येथील आमच्या दुकानात, गल्ल्याच्या उजव्या अंगास, थोरल्या बंधूंनी हौसेने ठेवलेली दोन फूट लांबीची मत्स्यपेटी होती. त्यांच्या निधनानंतर मासे एका परिचितांच्या मोठ्या पेटीत गेले. ते ओढ्यात सोडावेत असे कोणी सुचविले होते. परंतु असे परदेशी मासे तेथे एक तर तडफडून मरतात, नाही तर तेथल्या माशांच्या मुळावर उठतात. रिकामी पेटी मागील अंगणात पडून राहिली. तिच्या तळाशी पावसाचे पाणी, त्यावर हिरवे शेवाळ आणि वरच्या कडेला बोटभर रुंदीचा पांढरा, खरखरीत पट्टा. भंगारवाला दारात आला तेव्हा वहिनींनी एवढेच म्हटले, “ती पेटी त्यांच्या हातची आहे. स्वच्छ होत असेल तर रोपांसाठी ठेवू.” काम माझ्याकडे आले.

आपल्याकडील विहिरी व कूपनलिका काळ्या पाषाणातील. त्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. पेटीतील पाणी वाफ होऊन उडते, क्षार मात्र मागे राहतात. पाणी कमी झाले म्हणून आपण पुन्हा तेच जड पाणी भरतो आणि ठेव वाढत जाते. बँकेत आयुष्य गेले, म्हणून हा हिशेब मला लगेच उमगला : या खात्यात जमा होते, काढले काहीच जात नाही. गिझरच्या कॉइलवरचा थर तो हाच. शेवाळाचे कारण निराळे. पेटी खिडकीसमोर होती. ऊन आणि माशांच्या विष्ठेतील खत, दोन्ही त्याला भरपूर मिळाले.

पुतण्या उत्साही. त्याने फरशी धुण्याचे अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर अशा दोन्ही वस्तू आणून पेटी न्हाणीघरात नेली होती. मी वेळेवर पोहोचलो म्हणून बरे. या दोहोंचा संयोग होताच क्लोरिन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो जीवावर बेततो. हे घरातील प्रत्येकाने, विशेषतः दुकानात या दोन्ही वस्तू शेजारी-शेजारी मांडणाऱ्यांनी, ध्यानात ठेवावे.

आधी हिरवे, मग पांढरे, असा क्रम ठरविला. शेवाळ हा अनंतकाय जीव. त्यावर आम्ल ओतणे वहिनींना पटेना, मलाही नाही. साध्या पाण्यात मऊ कापडाने हलकेच सोडवून ते पाण्यासकट विहिरीजवळच्या ओलसर, सावलीच्या जागी नेऊन ठेवले. जिवाणी पोहोचवितो, त्याच भावनेने. पूर्ण जयणा पाळली गेली, असा माझा दावा नाही. परंतु व्यवहारातही हाच क्रम सोयीचा, कारण शेवाळाच्या बुळबुळीत थराखाली आम्ल क्षारापर्यंत पोहोचतच नाही.

पांढऱ्या थरासाठी बहुतेक जण व्हिनेगर सांगतात. आमच्या घरात ते येत नाही. दुकानातले लिंबूसत्त्व तेच काम करते. लिटरभर कोमट पाण्यात तीन मोठे चमचे विरघळविले. पेटी आडवी केली, जेणेकरून क्षाराचा पट्टा सपाट खाली आला. त्यावर त्या पाण्यात भिजविलेले जुने सुती धोतर पसरून तासभर ठेवले. उभ्या काचेवर ओतलेले पाणी ओघळून वाया जाते, हे मला पहिल्या दिवशी कळले नव्हते. फडक्याखाली बारीक बुडबुडे दिसू लागले की क्षार विरघळतो आहे असे समजावे. चार बाजूंना चार वेळा, असे तीन दिवस चालले. उरलेले खडे ओल्या काचेवर दाढीचे पाते तिरपे धरून काढले. कोपऱ्यांतील सिलिकॉनच्या सांध्यांना पाते लागू दिले नाही. सांधा कापला की पेटी गेली. अॅक्रिलिकच्या पेटीवर तर पाते मुळीच चालवू नये. तारेची घासणी आणि साबण दोन्ही वर्ज्य. साबणाचा अंश सांध्यांत राहतो आणि पुढे कोणी मासे ठेवलेच, तर त्यांना तो घातक.

एके ठिकाणी धुरकट पट्टा राहिलाच. तो मळ नव्हे, काचच तेथे झिजली आहे. पुतण्या अजून घासू पाहत होता, त्यास थांबविले.

शेवटी पेटी कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवून गळती पाहण्यासाठी काठोकाठ भरली. सुमारे पंचावन्न लिटर पाणी, म्हणजे पंचावन्न किलो वजन; म्हणून ती टेबलावर नव्हे, जमिनीवरच ठेवली. सकाळी वहिनींनी स्वतः कागद उचलून पाहिला. चारही कोपरे कोरडे होते.