घराचा अर्ज

नोकरीतील राखीव जागा, शिष्यवृत्त्या, गायरान जमिनी या प्रश्नांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. घराच्या अर्जावर मात्र कोणी लिहीत नाही. अर्ज ही कारकुनी बाब, तिच्यात विचार करण्यासारखे काय आहे, असा समज आपल्या शिकलेल्या कार्यकर्त्यांतही आहे. मी मुंबईत शिक्षक आहे आणि काही वर्षांपासून रविवारी वस्तीतल्या बुद्धविहारात बसून लोकांचे घरांचे अर्ज भरून देतो. त्यावरून माझे असे मत झाले आहे की, जातिव्यवस्था आज जिथे अगदी शांतपणे काम करते त्यांपैकी एक जागा म्हणजे हा अर्ज होय. तो कोणाला जातीवरून नाकारीत नाही. तो फक्त कागद मागतो. आणि ज्याच्या आजोबाला गावाने ना शाळा दिली ना गावात घर दिले, त्याच्याकडे नेमका तोच कागद नसतो.

प्रथम म्हाडाची सोडत पाहू. 1976 च्या कायद्याने स्थापन झालेले हे प्राधिकरण वेगवेगळ्या उत्पन्न गटांसाठी घरे बांधते आणि सोडतीने विकते. तीत अनुसूचित जातींसाठी 11 टक्के व अनुसूचित जमातींसाठी 6 टक्के घरे राखीव असतात. 2023 च्या मुंबईच्या सोडतीत 4082 घरे होती आणि अर्जदार लाखाच्या वर होते. अत्यल्प उत्पन्न गटाची अनामत रक्कम तेव्हा 25 हजार रुपये होती. नंबर लागला नाही तर ती परत मिळते हे खरे. पण रोजंदारीवरच्या माणसाने 25 हजार आधी आणायचे कोठून? तो सावकाराकडे जातो, आणि सोडत होईपर्यंत व्याज भरतो.

2023 पासून कागदपत्रांची छाननी सोडतीच्या आधीच होते. आधार, पॅन, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला किंवा आयकर विवरणपत्र. आणि राखीव गटासाठी जातीचे प्रमाणपत्र व जात वैधता प्रमाणपत्र. येथेच आपली माणसे गळतात. वैधता प्रमाणपत्र बहुधा कॉलेजप्रवेश, नोकरी किंवा निवडणूक यांच्या निमित्ताने काढले जाते. सातवीत शाळा सोडलेल्या सफाई कामगाराला ते काढण्याचा प्रसंगच आलेला नसतो. जातीच्या प्रमाणपत्रासाठी अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. म्हणजे वडिलांचा किंवा आजोबांचा शाळेचा उतारा, नाहीतर गावच्या कोतवाल बुकातील नोंदीची नक्कल. ज्यांना शाळेच्या दाराबाहेर बसवले त्यांच्या नातवाकडे आज शाळेचा उतारा मागितला जातो, यातील विसंगती कोणाला खटकत नाही!

बौद्धांची अडचण आणखी निराळी. धर्मांतर 1956 साली झाले. महाराष्ट्र सरकारने सवलती 1960 साली दिल्या. केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींत मानले ते 1990 साली. एकाच घरात आजोबांच्या कागदावर पूर्वीची जात, वडिलांच्या कागदावर नवबौद्ध आणि मुलाच्या कागदावर नुसते बौद्ध, असे मी नेहमी पाहतो. अशा वेळी तिन्ही कागद एकत्र जोडून वंशावळीचे प्रतिज्ञापत्र द्यावे. बायाबापड्यांची कथा वेगळीच. पंतप्रधान आवास योजनेत घर कुटुंबातील स्त्रीच्या नावावर किंवा पतीपत्नींच्या संयुक्त नावावर करावयाचे असते. ही चांगली तरतूद आहे. पण स्त्रीची जात माहेरच्या कागदांवरून ठरते आणि आधार सासरच्या नावाचे असते. विवाह नोंदणीचा दाखला नसला की दोन नावे एकाच बाईची आहेत हे तिला सिद्ध करता येत नाही.

आता नंबर लागला असे समजा. 2023 साली गोरेगावच्या पहाडी भागातील अत्यल्प उत्पन्न गटाच्या घराची किंमत 30 लाखांच्या वर होती. 27 लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी काढले तर हप्ता सुमारे 23,400 रुपये येतो. महिना 25 हजार मिळवणाऱ्याने उरलेल्या 1,600 रुपयांत खायचे काय? शिवाय ज्याला पगाराची चिठ्ठीच मिळत नाही त्याला बँक उभी करीत नाही. घर परत करावे लागते. राखीव जागा कागदावर राहते, आणि ‘यांना संधी दिली तरी घेत नाहीत’ असे म्हणायला लोक मोकळे होतात.

गावाकडे रमाई आवास योजना अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना घर बांधण्यासाठी अनुदान देते. पण अनुदान भिंतींना आहे. भिंत उभी करायला स्वतःची जागा हवी. जागा हाच तर गावकुसाबाहेरच्यांचा मूळ प्रश्न आहे.

म्हणून मला वाटते, मालकीच्या घराइतकाच भाड्याच्या घराचा विचार आपण केला पाहिजे. 1917 साली बडोद्याला नोकरीवर गेलेल्या बाबासाहेबांना राहायला कोणी जागा दिली नाही. पारशी नाव लावून पारशी धर्मशाळेत राहावे लागले, आणि तेथूनही काठ्या घेऊन आलेल्यांनी त्यांना बाहेर काढले. तेच बाबासाहेब मुंबईत परळच्या बी.आय.टी. चाळीत वर्षानुवर्षे राहिले. ती चाळ इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने, म्हणजे सार्वजनिक पैशाने बांधलेली होती. आजही खाजगी घरमालक आडनाव विचारतो, मग ‘तुम्ही काय खाता’ हे विचारतो, आणि मग खोली कालच गेली म्हणून सांगतो. मला स्वतःला हे उत्तर तीनदा मिळाले आहे. आडनाव न विचारता भाड्याने मिळणारे घर सार्वजनिक मालकीचेच असू शकते. सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे. आपल्या शहरात त्याखाली किती घरे व्हायची आहेत, हे महानगरपालिकेला माहितीच्या अधिकारात विचारणे हे आंदोलनाचेच काम आहे.

भाडेकरूचा कागदही जपला पाहिजे. बी.डी.डी. चाळींतील 160 चौरस फुटांच्या खोल्यांच्या बदल्यात पुनर्विकासात मालकीची घरे मिळू लागली, ती भाडेकरू म्हणून नोंद होती म्हणून. झोपडीवासीयाला मात्र 1 जानेवारी 2000 पूर्वीचे वास्तव्य सिद्ध केल्यावरच मोफत घराचा हक्क मिळतो. 2011 पर्यंतच्यांना पैसे मोजावे लागतात. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाडेपावती देणे घरमालकावर बंधनकारक आहे. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारीही त्याचीच आहे. करार नोंदवलेला नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. हे आपल्या लोकांना कोणी सांगत नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी काही कामे हाती घ्यावीत. सोडतीची जाहिरात येण्याची वाट पाहू नये. तेव्हा मुदत थोडी असते आणि दलाल जागे झालेले असतात. वर्षभर वस्तीत प्रत्येक कुटुंबाची एक पिशवी तयार करावी : जातीचे प्रमाणपत्र, वैधता, अधिवास, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, विवाह नोंदणी, भाडेपावत्या, जुनी वीजबिले. सर्व कागदांवर नावाचे स्पेलिंग एक आहे का ते पाहावे. विद्यार्थ्याची वैधता निघाली की त्याच पुराव्यावर आईवडिलांचे कागद लावून घ्यावेत. अनामत रकमेसाठी वस्तीत भिशी उभी करावी. आणि कोणाचा अर्ज फेटाळला तर तोंडी उत्तर घेऊन परतू नये. कारण लेखी मागावे. अशी लेखी कारणे शंभर गोळा झाली की तो एका माणसाच्या नशिबाचा प्रश्न राहत नाही, धोरणाचा होतो. आणि धोरणाशी भांडता येते.